पब्लिकला काय पाहिजे, मला काय ठाऊक

लोक मला लग्नात गाठतात, बारशात गाठतात, आणि गेल्या वर्षी तर एका तेराव्याला गाठलं. "वहिनी, होऊन जाऊ द्या एखादा जोक." म्हणणारा खुद्द गेलेल्या माणसाचा जावई होता, त्यामुळं त्याचं दुःख किती खोल असेल ते तुम्हीच ताडा. पण मी जोक सांगत नाही. मला येतच नाहीत. सांगायला घेतला की शेवटची ओळ मी आधी सांगून बसते, मग "थांबा थांबा, त्याच्या आधी असं झालं" म्हणून मागं जाते, तोवर ऐकणारा हात धुवायला उठलेला असतो. आमचे हे म्हणतात, "तू जोक सांगू नकोस. तू नुसती उभी राहा, लोक हसतात." असं का म्हणतात ते पुढं येईलच.

मी जन्मभर केलं ते काम निराळं. आमच्या शहरात, तेव्हा ते औरंगाबाद होतं, एका केबलवाल्याचं स्वतःचं चॅनल होतं. दुपारी भजनं, संध्याकाळी शहराच्या बातम्या, आणि दर शनिवारी रात्री जेवणाच्या वेळेला 'चहात माशी' नावाचा विनोदी कार्यक्रम. त्यातली प्रहसनं मी लिहायचे. हल्ली त्याला स्किट म्हणतात. चॅनलचे मालक रफिकभाई त्याला 'आयटम' म्हणायचे आणि "मॅडम, दो आयटम लिख के रखो" असं गॅलरीतून ओरडायचे. खालचा पानवाला वर बघायचा. माझे वडील कचेरीत कारकून, आजोबा याज्ञिक, आणि नात शनिवारी दोन आयटम पुरवते, हे घरी समजावून सांगायला मला बरीच वर्षं लागली.

ही नोकरी मला भांडणातून मिळाली. एकदा ऐन मालिकेत चित्र गेलं म्हणून मी रफिकभाईंच्या ऑफिसात जिना चढून गेले आणि त्यांच्या बातम्या देणाऱ्या बाईची नक्कल करत त्यांना चांगलं सुनावलं. ते माणूस शांतपणे ऐकत होतं. माझं संपल्यावर म्हणाले, "हर हफ्ते ऐसाच गुस्सा आता क्या तुमको?" मी म्हटलं, रोज येतो. म्हणाले, "तो फिर लिखो ना. कायकू फुकट वाया घालवते?" चित्र मात्र दुसऱ्या दिवशीच आलं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रहसन म्हणजे एका माणसाला काहीतरी पाहिजे असतं. फार मोठं नाही. झोप, चहा, शेजाऱ्यानं नेलेली शिडी. आणि दुसरी माणसं ते त्याला मिळू देत नाहीत, तेही द्वेषानं नाही, अगदी मायेनं. सात-आठ मिनिटं एवढंच चालतं. आमच्याकडं एक सोफा होता. चादर टाकली की दवाखान्यातली खाट, पाठ फिरवली की एसटीचं सीट, आणि लाल कापड टाकलं की देवगिरीच्या राजाचं सिंहासन. राजाच्या प्रहसनानंतर दौलताबादच्या एका सरपंचांचा फोन आला की राजा दाखवलात ते ठीक, पण सिंहासनाला खालून चाकं दिसत होती.

काम करणारी माणसं नोकरी-धंदा सांभाळून यायची. त्यात खरी हिऱ्यासारखी होती ती शकू. शकुंतला चितेगावची. नवरा तिथल्याच कारखान्यात कामाला, आणि राहायला सिडकोच्या मागच्या एका वसाहतीत दोन खोल्या. ती आधी आमच्या ऑफिसात झाडलोट आणि चहाचं बघायची. एकदा सासूचं काम करणारी बाई आली नाही म्हणून तिला उभं केलं. कागद हातात दिला तर म्हणाली, "ताई, हे असं कोण बोलतं व्हय?" आणि माझी वाक्यं बाजूला ठेवून स्वतःच्या मनानं बोलली. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि तिचंच ठेवलं. पुढं कितीतरी वर्षं लोक माझ्या ज्या संवादांची तारीफ करत होते त्यातले निम्मे शकूचे होते, आणि उरलेले निम्मे कोणाला आठवत नव्हते.

पब्लिकला काय पाहिजे, हा रफिकभाईंचा एकमेव प्रश्न. "मॅडम, पब्लिक को क्या होना वो लिखो. तुमको क्या होना वो नक्को." मला आधी वाटायचं लोकांना स्वतःला पडद्यावर बघायला आवडतं. आमचे घरमालक अप्पा वरच्या मजल्यावर राहायचे आणि जिन्यातला दिवा वाचवायला स्वतः अंधारात दोनदा पडले होते. मी त्यांच्यावर एक अख्खं प्रहसन लिहिलं. त्यांची टोपी, त्यांचं खाकरणं, त्यांची वाक्यं, काही म्हणजे काही बदललं नाही. शनिवारी ते लागलं आणि रविवारी सकाळी वरून हाक आली. आता बिऱ्हाड हलवावं लागणार म्हणून आम्ही दोघं पडेल चेहऱ्यानं वर गेलो. अप्पा डोळे पुसत होते. "सूनबाई, कालचा घरमालक म्हणजे अगदी समोरचा कुलकर्णी हो. काय पकडलाय." मग त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि आम्ही उतरत असताना जिन्यातला दिवा बंद केला.

दर रविवारी ऑफिसात फोन यायचे ते सगळे असेच. हुबेहूब आमची जाऊ, हुबेहूब आमचे साहेब. इतक्या वर्षांत एकही माणूस म्हणाला नाही की हा तर मी. तेव्हा कळलं की लोकांना आरसा नको असतो, खिडकी पाहिजे असते, आणि तीही शेजाऱ्याकडं उघडणारी. हे मी फार मोठा शोध लावल्यासारखं ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "हे तर चाळीतल्या कोणालाही विचारलं असतंस."

आता एक गुपित. आमच्या कार्यक्रमात जो हशा ऐकू यायचा तो खोटा होता. म्हणजे माणसांचाच होता, पण आमच्यासाठी नव्हता. स्टुडिओ म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली, तिथं प्रेक्षक कुठं बसवणार? मग रफिकभाईंनी हडकोतल्या एका गणपती मंडळाच्या कार्यक्रमात बसलेल्या लोकांचा हशा कॅसेटवर भरून आणला होता. माझं वाक्य झालं की तो चिकटवायचा. लहान विनोदाला थोडा, मोठ्याला सगळा. त्या हशात एका माणसाला हसता हसता जोराचा ठसका लागायचा आणि त्याच्या मागं एका बाईचा बारीक आवाज, "अहो, पाणी द्या त्यांना कोणीतरी." आमच्याकडं तेवढी एकच कॅसेट. त्यामुळं वर्षानुवर्षं दर शनिवारी त्या गृहस्थाला ठसका लागत राहिला. लोकांचे फोन यायचे, त्यांना एकदा डॉक्टरला दाखवा म्हणून.

माझी मात्र एकच हौस होती, आणि ती मी इथं उघड सांगते. आपण लिहिलेल्या वाक्यावर समोर बसलेली जिवंत माणसं हसतात कशी, हे मला एकदा कानांनी ऐकायचं होतं. बाकी मानधन, पुरस्कार, शाल, नारळ यातलं काही मी मागितलं नाही. कोणी दिलंही नाही म्हणा.

मग ती कोरडी वर्षं आली. लागोपाठ पाऊस गेला, शहराला पाणी देणारा नाथसागर तळाला लागला, आणि 'मृतसाठा' हा शब्द बालवाडीतली पोरंसुद्धा बोलायला लागली. शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासच्या पलीकडं ज्वारीच्या रानात प्लॉटचे दगड उभे राहिले, शेंद्र्याला नवे कारखाने आले, माणसं आली, नळ मात्र तेच. आठवड्यातून एकदा पाणी. प्रत्येक वसाहतीची पाळी ठरलेली. आमच्या शहरात लग्नाची तारीख आधी पंचांगात बघतात आणि मग लाइनमनला विचारतात. लाइनमन म्हणजे रस्त्यातल्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह लांब चावीनं फिरवून एकेका भागाला पाणी सोडणारा माणूस. तो नको म्हणाला तर मुहूर्त हलतो. पाळीच्या दिवशी कोणी कोणाकडं जात नाही, कोणी आजारी पडत नाही, आणि पडलंच तर हंडे भरून झाल्यावर पडतं.

रफिकभाईंनी मला बजावलं, "मॅडम, पानी पे कुछ नको. लोगां रो रहे." मला पटलं. मी परदेशातून आलेला मुलगा, मोबाइल हरवलेली आजी असले निरुपद्रवी आयटम लिहीत राहिले. फोन बंद झाले. कॅसेटवरचा हशा तेवढा इमानेइतबारे चालू होता. त्यात गंमत अशी की तो बारीक आवाज, "अहो, पाणी द्या त्यांना कोणीतरी," आता लोकांना भलताच ऐकू यायला लागला. एका नगरसेवकांचा निरोप आला की तुमचं आंदोलन आमच्यापर्यंत पोचलंय, आता दर हप्त्याला म्हणायची गरज नाही.

रफिकभाई घाबरले. कॅसेट बदलायची ठरली. आणि त्याच आठवड्यात एक वयस्कर बाई जिना चढून आल्या. पांढरी साडी, हातात कापडी पिशवी. बोर्डेकाकू. शकूनं चहा दिला तो हातात तसाच. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या शनिवारच्या कार्यक्रमात ठसका लागतो ना, ते आमचे हे." शकूनं खुर्ची पुढं सरकवली. "आणि पाणी द्या म्हणते ती मी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. कार्यक्रम मला काही कळत नाही बाई, माफ करा. मी ठसक्यासाठी लावते. मागच्या शनिवारी तुम्ही तो कमी वाजवला."

मागच्या शनिवारी विनोदच कमी होते, हे त्यांना कसं सांगू? इतकी वर्षं मी समजत होते की निदान ठसक्यापुरतं तरी माझ्या वाक्यांचं निमित्त आहे. आणि इथं एक बाई माझी वाक्यं संपायची वाट बघत बसायच्या. रफिकभाई उठले, म्हणाले, "अम्मा, कॅसेट नही बदलेगी. हमारी जबान." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, जादा जोक लिखो. ठसका जादा होना."

काकू जाताना दारात थांबल्या. "पाण्यावर काही लिहा की. आमच्या गल्लीत पाळीच्या दिवशी जे चालतं त्याच्यापुढं तुमचं नाटक म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सभ्य बाई होत्या.

मग मी ते प्रहसन लिहिलं. मुलगी बघायला पाहुणे येतात आणि नेमकं त्याच वेळी नळाला पाणी येतं. मुलीची आई म्हणजे शकू. ती पाहुण्यांना बसा म्हणते आणि त्यांच्या हातात हंडे देते. मुलाचा मामा जिन्यात, मुलाचा बाप गच्चीवर टाकीपाशी, आणि मुलगा-मुलगी एका पाइपाची दोन टोकं धरून पहिल्यांदा एकमेकांशी बोलतात. बोलतात काय, तर "सोडू का?" "थांबा, सोडू नका." शनिवारी ते लागलं आणि रविवारी फोनची रांग. त्यातले निम्मे चुका काढणारे होते. पहिलं पाणी गढूळ येतं ते सोडून द्यायला पाहिजे होतं. मोटार लावली ती शेजाऱ्याला दिसेल अशी का लावली? एका गृहस्थांनी विचारलं की मामाच्या हातात दिला तो हंडा कळकट होता, त्यात पिण्याचं भरलं की वापरायचं? रडणारी माणसं हसत होती आणि वर हिशेबही तपासत होती. मला पहिल्यांदा वाटलं की काहीतरी जमलं.

ते कुठून तरी मुंबईच्या एका मोठ्या वाहिनीपर्यंत गेलं. त्यांना गावोगावच्या मंडळींचा विनोदी कार्यक्रम करायचा होता. आमचं केबल तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं. घरोघरी डिशच्या छत्र्या लागत होत्या, आणि शनिवारची वेळ एका ज्योतिषाला देऊन टाकावी असं रफिकभाईंच्या मनात होतं. मुंबईनं घेतलं तर 'चहात माशी' जगणार, नाहीतर माशी चहातच राहणार. मुंबईचे दोघे साहेब येऊन बघणार होते. त्यांची अट एकच होती, समोर खरे प्रेक्षक पाहिजेत.

मला रात्रभर झोप आली नाही. ह्यांनी शेवटी उठून दिवा लावला. "मुंबईची भीती वाटते का?" मी म्हटलं, मुंबई गेली उडत, लोक हसतील ना? समोर बसून हसतील ना?

प्रेक्षक कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. शकूची वसाहत तिच्यावर जीव टाकायची. हॉल तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर घेतला. मी घरोघर जाऊन सांगितलं, सगळ्यांनी यायचं, घरी कोणाला ठेवायचं नाही. पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. आमंत्रणाच्या आधी त्या भागाचा लाइनमन शोधला. त्याला सगळे भगवानदादा म्हणायचे. "तुमच्या भागाची पाळी कधी?" म्हणाला, "बुधवारी पहाटं. मंगळवारी संध्याकाळी करा बिनघोर, थेंब येत नाय." मी खूश. त्या खुशीत म्हटलं, "मग तुम्हीही या, वहिनींना घेऊन या." तो माणूस लाजला. "मला कोण बोलावतं ताई कार्यक्रमाला? लोकं मला बघितलं की भांडायलाच येतात." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वर्षात शहरात तेवढंच होतं.

मंगळवारी संध्याकाळी हॉल खच्चून भरला. भगवानदादा इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत, शेजारी बायको. पहिल्या रांगेत मुंबईचे दोघे. मी निवेदनासाठी माइक घेऊन रंगमंचाच्या कडेला उभी. पडदा उघडला. शकू हंडा कडेवर घेऊन आली, पाहुण्यांकडं बघून म्हणाली, "आलात व्हय? रिकाम्या हातानं?" आणि ते झालं. समोरून हशा आला. कॅसेटचा नाही, गरम. मला अंगावर काटा आला. ते वाक्य शकूचं होतं ही गोष्ट वेगळी. म्हटलं, दोन मिनिटांनी माझं वाक्य येतंय, तेव्हा ऐकू.

ते वाक्य यायच्या आत मागच्या दारात एक आजोबा दिसले. त्यांना गुडघ्यांमुळं घरी ठेवलं होतं. धापा टाकत ते एवढंच म्हणाले, "अरे, नळ आलाय."

आरडाओरडा झाला नाही, चेंगराचेंगरी झाली नाही. मागची रांग उठली, मग तिच्या पुढची. बायकांनी पोरं उचलली, चपला अंधारात अचूक सापडल्या. आयुष्यात एवढी शिस्त मी पाहिली नाही. शकू रंगमंचावरून बघत होती. हॉल अर्धा झाला तेव्हा तिनं कडेवरचा हंडा सावरला, माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, येते वं," आणि समोरच्या पायऱ्या उतरून लोकांबरोबर निघून गेली. मुलाचा मामा झालेला आमचा नटही त्याच गल्लीतला. तो दुसरा हंडा घेऊन गेला, बाकीचे नट त्यांना भरू लागायला मागोमाग. सोफा, मी आणि माइक राहिलो. मी तोंड उघडलं, पण त्यातून काही आलं नाही. किती वेळ तशी उभी होते देव जाणे.

हॉलमध्ये चार माणसं उरली होती. भगवानदादा टाळ्या वाजवत होता, "लई भारी, लई भारी." त्यानंच केलं होतं हे. पहाटं उठून चावी फिरवायची, त्यापेक्षा कार्यक्रम निवांत बघता यावा म्हणून येता येता व्हॉल्व्ह उघडून आला होता. घरी कोणीतरी असेलच, असं त्याला वाटलं. घरी कोणाला ठेवू नका, असं सांगत हिंडले होते मी. आणि पहिल्या रांगेतले मुंबईचे दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. एक जण उठून माझा हात हातात घेऊन म्हणाला, "काय शेवट केलाय मॅडम! सगळा प्रेक्षक नाटकात घेतलात. हे असं सुचलं कसं?"

मी खरं सांगायला हवं होतं का? मी म्हटलं, "सुचतं हो असंच."

त्यांनी आम्हाला मुंबईला बोलावलं. तारीख कळवली. मी नाचत शकूकडं गेले तर ती बोटावर दिवस मोजून म्हणाली, "ताई, त्या दिशी पाळी हाये आमची. ह्यांची दिवसपाळी. पोरं नुसती सांडतात. मला नाय जमायचं." मी तिला खूप बोलले. म्हटलं, जन्मात एकदा दार उघडतंय आणि तू चार हंड्यांसाठी ते लोटून देतेस? तू काय माणूस आहेस? तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमी आता सोसायटीत राहायला गेलात, तिथं टँकर येतो ताई. म्हणून तुमाला हसू येतं." मी रागानं चहा न घेता उठले. तिच्या घरी चहालाही साठवलेल्यातलंच पाणी लागतं, आणि तो न घेणं म्हणजे खरं तर तिचा फायदा होता, हे मला कोपऱ्यावर आल्यावर सुचलं.

मुंबईला शकूच्या जागी तिथल्या एका चांगल्या नटीला घेतलं. ती लाखात एक दिसत होती आणि हंडा तिनं पर्ससारखा धरला होता. प्रेक्षक भाड्यानं आणलेले होते. त्यांना समजावलं होतं की हात वर केला की उठून जायचं. हात वर झाला, सगळे उठले, एकमेकांना "तुम्ही पुढं, तुम्ही पुढं" करत बाहेर गेले. कोणी हसलं नाही. दिग्दर्शक नावाचा एक तरुण मुलगा मला प्रामाणिकपणे विचारायला आला, "मॅम, हे लोक का जातात?"

"नळाला पाणी आलं म्हणून."

"ओके," तो म्हणाला. "मग?"

त्या "मग"ला मी आजवर उत्तर शोधतेय. आम्हाला घेतलं नाही. परत येताना मनमाडच्या पुढं खिडकीतून कोरडी रानं बघत मी ठरवलं की आता पुरे.

'चहात माशी'च्या शेवटच्या शनिवारी काय दाखवायचं हे रफिकभाईंनी मला विचारलंच नाही. त्यांनी त्या मंगळवारची टेप आहे तशी लावली. लोक उठतात, शकू उतरते, आणि मग कॅमेरावाला घरी निघून गेल्यामुळं कॅमेरा तसाच चालू राहिलेला, त्यात मी, सोफ्याच्या बाजूला, तोंड उघडं, माइक हातात. बराच वेळ. त्याच्यावर रफिकभाईंनी अख्खी कॅसेट चिकटवली, ठसक्यासकट, पाणी द्यासकट. सगळं शहर हसलं म्हणे. भाजीवाले मला बघून तोंड उघडं करून दाखवायचे. शेकडो प्रहसनं लिहून मी लोकांच्या लक्षात राहिले ती एक ओळही न बोलता. म्हणून आमचे हे म्हणतात, तू नुसती उभी राहा. बोर्डेकाकूंचा फोन आला होता. "बाई, आज पोटभर ऐकला," एवढंच म्हणाल्या. मी रडले. बरं वाटलं.

आता शहराचं नाव बदललं, वसाहती शेंद्र्याला जाऊन टेकल्या, आमच्या सोसायटीचा टँकर बंद होऊन आम्हालाही पाळी लागली. शकूशी मी दोन वर्षं बोलले नव्हते, मग एका लग्नात तिनंच माझ्या ताटात जिलबी वाढली आणि विषय मिटला. तिच्याच वसाहतीच्या लोकांनी यंदा कोजागिरीच्या सुमारास माझा सत्कार ठेवला. तोच हॉल. तीनशे-साडेतीनशे माणसं. शाल आली, नारळ आला. भाषणाला विषय दिला होता, 'प्रेक्षकांना काय हवं असतं?' मी पंधरा दिवस तयारी केली होती. शेवटी एक वाक्य असं ठेवलं होतं की ज्यावर समोरची माणसं हसल्याशिवाय राहणारच नाहीत. त्या वाक्यासाठीच मी सत्काराला हो म्हटलं होतं.

"इतकी वर्षं मी शोधत होते," मी म्हणाले, "की पब्लिकला नक्की काय पाहिजे. आज मला ते कळलंय. पब्लिकला पाहिजे असतं..."

पहिल्या रांगेत ह्यांचा फोन थरथरला. त्यांनी तो कानाला लावला, उठून उभे राहिले आणि माझ्याकडं बघून हवेत हात धरून नळ सोडल्यासारखा गोल फिरवला. शेजारच्या मंजूचा फोन. आमच्याकडं पाणी आलं होतं, एक दिवस आधी. घरी कोणी नव्हतं.

मी माइक तिथंच खुर्चीवर ठेवला, शाल काखोटीला मारली आणि समोरच्या पायऱ्या उतरून निघाले. दारात भगवानदादा उभा होता, आता निवृत्त. त्यानं आधीच रिक्षा थांबवून ठेवली होती.

घरी पोचून मी पाइप टाकीत सोडला तेव्हा शकूचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं. "ताई," ती म्हणाली, "तुमी गेल्यावर... लई हसले लोक. लई म्हणजे लई. अजून हसायलेत, ऐका." तिनं फोन उंच धरला असावा, पण मला पाइपाचाच आवाज येत होता. "एका म्हाताऱ्याला तर असा ठसका लागला, सगळे पाणी द्या पाणी द्या करू लागले."

"आणि दिलं का त्याला?" मी विचारलं.

"दिलं की," शकू म्हणाली. "पण ताई, ते पब्लिकला काय पाहिजे, ते सांगायचं राहिलं तुमचं. लोक विचारायलेत."

"नंतर सांगते," मी म्हटलं. "टाकी भरत आलीय."